आरशात न दिसणारी पांढरी मोटार

ड्रायव्हर म्हटला की लोक एकच गोष्ट विचारतात, अपघात किती केले? लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारचा पाहुणा भाताचा घास थांबवून हेच विचारतो. किती टाळले, हे मला आजवर कोणी विचारलं नाही. टाळलेल्या अपघाताचा पंचनामा होत नाही, त्याला बघायला माणसं जमत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्यालाही आठवत नाही. मला मात्र एक आठवतो. तो टळला, पण मी टाळला नव्हता. म्हणून तो आठवतो.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. साकोली-लाखनीकडच्या राइस मिलमधून तांदळाची पोती भरायची, कारध्याला वैनगंगा ओलांडून भंडाऱ्यात शिरायचं आणि पुढे वरठीच्या रेल्वे स्टेशनावर माल उतरवायचा, हे माझं काम. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला ओळखायचा. माझ्याबरोबर क्लीनर म्हणून किसनभाऊ होता. क्लीनर म्हटलं की पोरगेलासा कोणी डोळ्यांसमोर येतो. आमचा किसनभाऊ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, दोन नातवंडांचा आजा. त्याला स्टीअरिंगची हौस कधी नव्हतीच. डाव्या खिडकीशी बसून तंबाखू मळायची आणि "चाल", "थांब", "बाजूले सायकल हाये" एवढं बोलायचं. तोच माझा डावा डोळा होता. त्या काळच्या ट्रकला डाव्या बाजूचा आरसा असलाच तर तो बाभळीच्या फांदीने कधीच नेलेला असायचा.

एके दिवशी सकाळी लाखनीच्या अलीकडे एका मिलच्या फाटकात वळायचं होतं. फाटक डाव्या हाताला. किसनभाऊ ते उघडायला आधीच उतरला होता. म्हणजे माझा डावा डोळा खाली गेला होता. लांब गाडी अरुंद फाटकात घालायची तर आधी उजवीकडे जागा घ्यावी लागते, नाहीतर मागचं चाक फाटकाचा खांब घेऊन जातं. मी गाडी उजवीकडे नेली, मग डावीकडे वळवली आणि पत्रा चुरडल्याचा आवाज आला. पाठोपाठ किसनभाऊची आरोळी.

खाली उतरून पाहतो तो माझ्या मागच्या चाकाशी एक पांढरी मोटार, पुढच्या चाकावरचा पंखा, म्हणजे मडगार्ड, चेपलेला. तिच्यातून एक बाई उतरल्या. चाळिशीच्या आतबाहेर, सुती साडी, मनगटाला पुरुषी घड्याळ. भंडाऱ्यात बाईमाणसाने मोटार चालवावी ही तेव्हा बघण्यासारखीच गोष्ट होती, त्यामुळे मी त्यांना ओळखलं. बाळंतपणाच्या डॉक्टर, कुमुदबाई. मूळच्या नागपूरच्या. खेड्यातून बोलावणं आलं की स्वतः गाडी काढून जाणाऱ्या.

"अहो, तुम्ही उजवीकडे गेले ना?" त्या म्हणाल्या. "मग डावीकडे कसे काय वळले?"

"बाई, डावीकडे वळाचं होतं म्हणूनच तं उजवीकडे गेलो."

"हे काय उत्तर झालं?"

उत्तर बरोबर होतं, पण मोटारवाल्याला ते कसं पटावं? बाईंना वाटलं ट्रकवाला भला माणूस, बाजूला होऊन जागा देऊन राहिला. म्हणून त्या डाव्या फटीतून पुढे निघाल्या होत्या. एव्हाना मिलचे हमाल, रस्त्यावरचे लोक जमले. कोणीतरी "पोलिसात द्या त्याले" म्हणालं. मोठ्या गाडीचीच चूक, हा निकाल लोकांनी ठरवून टाकलेला असतो. मी त्याची सवय करून घेतली होती.

बाईंनी मात्र गर्दीकडे पाठ केली आणि मला विचारलं, "खरं सांगा. मी तुम्हाला दिसलेच नाही?"

"नाई दिसल्या."

"एवढी पांढरी गाडी?"

"वर बसून पाहा ना बाई," मी चिडून म्हणालो. त्या खरंच बसतील असं मला वाटलं नव्हतं.

त्यांनी पदर खोचला, चप्पल खाली काढली आणि दांडा धरून वर चढल्या. माझ्या जागेवर बसल्या, आरशात पाहिलं, डावीकडे मान लांब केली. हमाल हसायला लागले होते. वरून बाईंचा आवाज आला, "माझी गाडी कुठे गेली?"

गाडी जिथे चेपली होती तिथेच उभी होती.

मग त्यांनी जे केलं ते डॉक्टरच करू जाणे. किसनभाऊला त्यांनी ट्रकभोवती फिरायला लावलं. "इथे थांबा. आता एक पाऊल मागे. आता दिसले. आता गेले." पोटावर बोटं दाबत जसं "इथे दुखतं का, इथे?" विचारतात, तसा त्यांनी माझा ट्रक तपासला. पिशवीतून औषधं लिहून द्यायचा कागद काढून त्यावर गाडीचा चौकोन काढला आणि किसनभाऊ जिथे जिथे गायब झाला तिथे तिथे पेनाने रेघोट्या मारल्या. पाठीमागे चिकटून उभा राहिला तर दिसत नव्हता. डाव्या बाजूला तर जवळजवळ दारापासून शेपटीपर्यंत नव्हता. अगदी नाकासमोर, बोनेटच्या खालीही नव्हता. इतकी वर्षं गाडी चालवत होतो, पण आपल्याला काय दिसत नाही याचं चित्र मी पहिल्यांदाच पाहिलं. मला जरा भीतीच वाटली.

पोलिसात कोणी गेलं नाही. "अर्धी चूक माझी, अर्धी तुमच्या गाडीच्या लांबीची," असं म्हणून बाईंनी चेपलेला पंखा हमालांकडून चाकावरून ओढून घेतला आणि निघून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या मिलवर पुन्हा हजर. म्हणाल्या, "भरलेल्या गाडीत बसायचं आहे. कारध्यापर्यंत न्या." किसनभाऊ पोत्यांवर जाऊन बसला. बाई त्याच्या जागेवर. त्या एका फेरीत मी जन्मभरात बोललो नसेन एवढं बोललो असेन. ड्रायव्हरला त्याच्या कामाबद्दल कोणी विचारत नाही. विचारलं की तो थांबत नाही.

सांगितलं त्यात मोठी विद्या काही नव्हती. मी सांगितलं, बाई, माझ्यापुढे मोकळा रस्ता दिसतो ना, तो मोकळा नाही, तो माझा ब्रेक आहे. एवढी पोती अंगावर घेऊन पळणारी गाडी पेडल दाबलं म्हणून जागच्या जागी थांबत नाही. मोटारवाला ओलांडून येतो आणि ती रिकामी जागा पाहून तिच्यात घुसतो. त्याला वाटतं जागा मिळाली. त्याने माझा ब्रेक काढून घेतलेला असतो. मागून येणाऱ्याने इतकं अंतर ठेवावं की माझा आरसा त्याला दिसेल, आणि आरशात माझं तोंड दिसेल. तोंड दिसलं तर मलाही तो दिसतो. नाही दिसलं तर माझ्या लेखी तो रस्त्यावर नाही.

मी हे सांगत होतो आणि रस्त्याने साक्ष दिली. तळ्याकाठच्या गावाशी बाया शिंगाडे विकायला बसल्या होत्या. एका काळ्या मोटारीने आम्हाला ओलांडलं, आमच्यापुढे घुसली आणि शिंगाडे दिसताच करकचून थांबली. मी पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पाठीमागे पोती कुंथली, वरून किसनभाऊने एक अस्सल शिवी घातली. त्या मोटारीच्या डिकीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. मोटारवाला खाली उतरून, आमच्याकडे न बघता, शिंगाड्यांचा भाव करू लागला.

बाईंनी दोन्ही पाय पुढच्या पत्र्यावर दाबून धरले होते. "मी पण ब्रेक मारून राहिले होते," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग गंभीर झाल्या. "हे मी स्वतः किती वेळा केलं असेल?"

ट्रकच्या चित्राचा तो कागद त्यांनी मोठा करून आपल्या दवाखान्यात, बाळंतिणींना काय खावं या तक्त्याशेजारी लावला. बायकोला घेऊन येणाऱ्या प्रत्येक मोटारवाल्याला त्यासमोर उभं करायच्या. भंडाऱ्यात तेव्हा मोटारी मोजक्याच, त्यामुळे वर्षभरात मला रस्त्यावर फरक कळू लागला. भंडाऱ्याची गाडी मागे असली की ती नीट अंतर ठेवून, आरशात तोंड दाखवत यायची. एक वकीलसाहेब तेवढे ऐकेनात. वरठीला मला गाठून म्हणाले, "रस्ता सगळ्यांचा सारखा आहे. कायदा वाच."

मी म्हटलं, "रस्ता सारखाच हाये साहेब. वजन सारखं नाई."

त्यांनाही ते बहुधा पटलं असावं, कारण पुढे कोर्टात हेच वाक्य त्यांनी स्वतःचं म्हणून वापरल्याचं माझ्या कानावर आलं.

मी फुगलो होतो, हे कबूल करतो. डॉक्टर आपलं ऐकते, वकील आपलं वाक्य चोरतो. मोटारवाल्यांनी कसं वागावं यावर मी चहाच्या टपरीवर प्रवचनं देऊ लागलो. माझी स्वतःची गाडी काय म्हणते, तिकडे मात्र कान नव्हता.

धान निघाल्यानंतरचे दिवस होते. मिल दिवसभर चालू, वरठीला वॅगन उभी. ब्रेकचं पेडल दोन दिवसांपासून मऊ लागत होतं. दाबलं की खोल जायचं, दोन-तीनदा मारलं की धरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी किसनभाऊ चाकाखाली वाकला आणि बोटाला लागलेलं तेल माझ्यापुढे धरलं.

"गळून राहिलं सुखदेवा. आज नको काढू गाडी."

"पंप मारला का धरते ना बावा. एवढी फेरी होऊ दे."

"मले नाई वाटत बरं."

"तुमाले कधी बरं वाटते किसनभाऊ?" मी म्हणालो. तेल भरलं आणि निघालो.

मालकाची सक्ती नव्हती. पोटाची निकड नव्हती. वॅगन वेळेवर भरणारा सुखदेव, एवढ्या नावासाठी मी ती गाडी काढली.

कारध्यापर्यंत काही झालं नाही. कारध्याला रस्ता नदीकडे उतरतो आणि जुना पूल लागतो. पूल लांब, सखल आणि इतका अरुंद की समोरून बैलबंडी आली तर श्वास धरून जावं लागे. उतार लागला तसं मी पेडल दाबलं. ते तळाला गेलं. पुन्हा मारलं, पुन्हा तळाला. पायाखाली काहीच नव्हतं.

पुढे पाहिलं तर पुलाच्या तोंडाशी पांढरी मोटार. कुमुदबाईंची. मागच्या काचेतून एक पांढरं डोकं दिसत होतं. त्यांच्या सासूबाई असाव्यात. पुलावर समोरून चार-पाच सायकली येत होत्या. बाजूला काढायला जागा नाही. खाली पाणी.

मी हॉर्नवर तळहात ठेवला तो काढलाच नाही. भर दुपारी दिवे लावले. हातब्रेक ओढला, जळका वास आला. गिअर खाली घालताना असा आवाज झाला की वाटलं पेटी फुटली. वेग थोडा तुटला, पुरेसा नाही. किसनभाऊने दार उघडून लाकडी ठोकळा हातात धरला होता.

मागून ट्रकने हॉर्न मारला की मोटारवाले काय करतात, ते मला माहीत होतं. बिचकून ब्रेक मारतात, नाहीतर हट्टाने अडून राहतात. दोन्हीपैकी काहीही झालं असतं तर संपलं होतं. सासूबाई मागे वळून थेट माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचा चेहरा मला इतका स्पष्ट दिसू लागला होता की कपाळावरचं गोंदण दिसलं.

बाईंच्या मोटारीच्या आरशात मला त्यांचे डोळे दिसले. क्षणभरच. आणि मोटार सुटली. ब्रेक नाही, चुळबूळ नाही, सरळ वेग घेतला. त्यांनीही दिवे लावले, हॉर्न धरला आणि खिडकीतून हात काढून समोरच्या सायकलवाल्यांना कडेला व्हा, कडेला व्हा, असं ओरडत गेल्या. सायकलवाले पुलाच्या कडेला अंग चोरून उभे राहिले. पुढे मोटार, मागे मी. सायकलवाल्यांच्या पोटाजवळून माझा पत्रा गेला. सपाट पुलावर गाडी हळूहळू मंदावली, पलीकडच्या चढावर दमली, थांबली आणि मागे घसरायला लागली. किसनभाऊने उडी मारून चाकाला ठोकळा लावला. या वयात ती उडी त्याने कशी मारली, देव जाणे.

मी खाली उतरलो. बाईंनी मोटार बरीच पुढे, रस्त्याच्या बाजूला लावली होती. त्या पळत आल्या. काही न विचारता माझं मनगट धरलं आणि घड्याळात पाहून नाडी मोजली. मग म्हणाल्या, "काय झालं?"

"ब्रेक गेले बाई."

"आता? अचानक?"

"हो" म्हणणं सोपं होतं. त्या तेच ऐकायला तयार होत्या. किसनभाऊ चाकाशी बसून ठोकळ्याकडे पाहत होता. तो मला कधीच खोटं पाडणार नव्हता. त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेमुळे मला खोटं बोलवेना.

"दोन दिवसांपासून," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला वर बसवून सगळं सांगितलं, सुखदेवभाऊ. कुठून दिसत नाही, किती अंतर ठेवायचं, सगळं. मी त्याप्रमाणे चालवते. लोकांना सांगते." त्यांचा आवाज चढला नाही. "आणि तुम्ही बिनब्रेकची गाडी घेऊन माझ्या मागे येऊन राहिले?"

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि गेल्या.

गाडी दुरुस्तीला लावली. मालकाला सांगितलं, ब्रेक झाल्याशिवाय गाडी निघणार नाही. तो लगेच हो म्हणाला. दोन दिवस आधी सांगितलं असतं तरी हो म्हणाला असता. हे मला त्या पुलापेक्षाही जास्त लागलं. त्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सकाळी पेडल पायाखाली कडक लागल्याशिवाय मी गाडी फाटकाबाहेर काढली नाही, आणि किसनभाऊ "नको" म्हणाला तर का म्हणून विचारलं नाही.

एकदा दवाखान्यात माफी मागायला गेलो. पोटुशा बायांच्या रांगेत, माझ्याच ट्रकच्या चित्राखाली बाकावर बसून राहिलो. बाया माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावत होत्या. बाई बाहेर आल्या, मला पाहिलं, म्हणाल्या, "पेशंट आहेत माझे," आणि आत गेल्या. मी घरी आलो. भिंतीवरचं चित्र त्यांनी काढलं नव्हतं, एवढं मात्र पाहून आलो.

होळी उलटून गेली. एका सकाळी लाखनीकडून येत होतो. आरशात पांढरी मोटार दिसली. नेहमीसारखी अंतर ठेवून, तोंड दिसेल अशी. बाई एकट्याच होत्या.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, तो आम्हाला उंचावरून दिसतो. म्हणून रस्ता मोकळा असला की ड्रायव्हर खिडकीतून उजवा हात काढून पुढे हलवतो, म्हणजे ये, जा. काही येत असेल तर तळहात मागे दाखवतो, म्हणजे थांब. मागचा माणूस त्या हाताच्या भरवशावर समोरच्या बाजूला निघतो. हाताचा मालक कोण, कसा, त्याला ठाऊक नसतं. बाईंना ठाऊक होता.

रस्ता मोकळा होता. मी हात हलवला. मोटार आली नाही. थोड्या वेळाने पुन्हा हलवला. नाही आली. मी आणखी हळू झालो. त्याही हळू झाल्या.

मग वळण आलं. वळणापलीकडून एसटी येताना मला दिसली. मी तळहात मागे धरला. एसटी धूळ उडवत निघून गेली. पुढे सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना धान कापलेली बांध्यांची शेतं, चिटपाखरू नाही. मी पूर्ण खात्री केली, पुन्हा एकदा केली, आणि हात पुढे हलवला.

आरशात मोटारीच्या दिव्याची एकदा उघडझाप झाली. ती बाजूला निघाली, माझ्या खिडकीखालून संथपणे पुढे गेली. बाईंनी वर पाहिलं नाही. चांगली लांब जाईपर्यंत माझ्यापुढे वळल्या नाहीत; माझा अख्खा ट्रक त्यांच्या आरशात मावल्यावरच डावीकडे आल्या आणि भंडाऱ्याच्या दिशेने दिसेनाशा झाल्या.

किसनभाऊने तंबाखू मळायची थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"गेली ना बाई," तो म्हणाला. "आता हात तं अंदर घे."